गरजेबाहेरचे सामान

२०२५च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि आम्ही घर बदलले. मिरजेच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या आणि एक पडवी एवढ्या घरात अकरा वर्षे भाड्याने राहिलो होतो. घरमालकांच्या मुलाचे लग्न ठरले, त्यांना जागा हवी झाली. तंटा नाही, बखेडा नाही. सहा महिन्यांची मुदत त्यांनीच आपणहून दिली. नवे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर मिळाले. अंतर चार किलोमीटरसुद्धा नाही. छोटा हत्ती ठरवताना टेम्पोवाल्याला आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले, "मास्तराचं घर आहे. दोन खोल्यांचं सामान. एका खेपेत होईल."

तीन खेपा झाल्या. तिसरी खेप निघाली तेव्हा इशाची अजान होऊन गेली होती. टेम्पोवाला दोऱ्या आवळता आवळता म्हणाला, "सर, एवढं सगळं त्या दोन खोल्यांत मावत कसं होतं?" त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, खरेच कुतूहल होते. आम्हाला उत्तर देता आले नाही. तिसऱ्या खेपेचे पैसे दिले आणि गप्प बसलो. पण त्याचा प्रश्न आमच्याबरोबर नव्या घरात आला आणि खोक्यांच्या मधोमध बसून राहिला.

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माणसाला 'हम' म्हणायची सवय असते. मराठीत लिहायला बसला की त्याचे 'आम्ही' होते. एरवी त्या 'आम्ही'त एकटा मास्तरच बोलत असतो. पण घरातल्या सामानाबद्दल लिहिताना हे 'आम्ही' जरा जपून वापरावे लागते. आमचे म्हणजे नेमके कोणाचे? हा प्रश्न पुढे अडचणीचा होणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमचे दादाजी, म्हणजे वडिलांचे वडील, रेल्वेत खलाशी होते. मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ येत, आणि दादाजींची बदली कोणत्या रुळावर होईल याचा नेम नसे. बदलीचा कागद आला की दादी एका पत्र्याच्या ट्रंकेत घर भरत असे. ट्रंक, एक वळकटी, पाण्याचा हंडा आणि कडेवर मूल. ती ट्रंक अजून आमच्याकडे आहे. या वेळी उघडली तर आत जुन्या मोबाइलचे चार्जर, केबलच्या वायरी, एक बंद पडलेला सेट टॉप बॉक्स आणि दोन रिमोट निघाले. ज्या ट्रंकेत एक संसार मावत होता, तिच्यात आता कशालाच न जुळणाऱ्या वायरी राहतात.

असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, मास्तर आता जुन्या गरिबीचे गोडवे गाणार. तसे नाही. दादीला दोन लुगडी होती; एक अंगावर, एक दोरीवर. पावसाळ्यात दोरीवरचे वाळत नसे तेव्हा ती ओल्या लुगड्यानेच चुलीपुढे बसे आणि महिनामहिना खोकत असे, असे वडील सांगत. कमी असण्यात काही सवाब नाही. दादीला तिसरे लुगडे हवे होते आणि ते तिला मिळायला हवे होते. आमच्याकडे ते तिसरे केव्हाच आले, मग चौथे आले, आणि कोणत्या आकड्याला थांबायचे हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आम्हीही कोणाला विचारले नाही.

तर सामान काय निघाले ते सांगतो. भिंतीवरची घड्याळे सात, त्यांपैकी चालू दोन. लेमन सेट चार, तिन्ही-चारींची खोकी फोडलेलीसुद्धा नाहीत. लग्नात आले तसेच आहेत. डिनर सेट दोन, जे 'मेहमान आल्यावर' काढायचे म्हणून ठेवले आणि मेहमान आल्यावर रोजच्याच ताटल्या बऱ्या म्हणून काढले नाहीत. हजहून आणि उमऱ्याहून परतलेल्या नातेवाइकांनी प्रेमाने दिलेल्या जानमाज अकरा. घरात नमाज पढणारी माणसे चार, त्यांतले एक सात वर्षांचे. तसबिह्या किती ते मोजल्या नाहीत. जमजमच्या रिकाम्या बाटल्या. बी.एड.च्या वर्षी सराव पाठांसाठी केलेली थर्मोकोलची साधने: फुप्फुसांची प्रतिकृती, शनिवारवाडा, आणि एक पवनचक्की, जिला फिरवायला मागून बोट लावावे लागे. पाठ टाचणांच्या वह्या, अभ्यासक्रम बदलून बाद झालेली बालभारतीची उर्दू पुस्तके, 'गुल बूटे'चे जुने अंक. पुस्तकांबद्दल पुढे बोलू.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो कागदांनी. आपल्या घरांत ही एक खास अडचण असते, आणि ती वाचकांपैकी बहुतेकांनी भोगली असेल. वर्तमानपत्र रद्दीत घालता येते, पण उर्दू वर्तमानपत्राच्या जुम्याच्या पुरवणीत आयत छापलेली असते. कॅलेंडरवर काबा असतो. लग्नपत्रिकेवर बिस्मिल्लाह असते. बेअदबी नको म्हणून तर बिस्मिल्लाहऐवजी ७८६ लिहिण्याची पद्धत आपल्याकडे रुळली. अबजदच्या हिशेबाने तिच्या अक्षरांची बेरीज तेवढी येते. पण छापणारे ७८६ही छापतात आणि खाली अरबीत बिस्मिल्लाहही छापतात. मग ती पत्रिका फेकायची कशी? काही मशिदींत अशा कागदांसाठी पेटी ठेवलेली असते. कोणी ते वाहत्या पाण्यात सोडतात, कोणी पुरतात. आम्ही मात्र अकरा वर्षे एवढेच केले की त्या पत्रिका एका पिशवीत घातल्या, ती भरली की दुसरी पिशवी घेतली. दोनशेच्या वर पत्रिका निघाल्या. त्यांतल्या तीन-चार जोडप्यांचे तलाकही होऊन गेले होते. पत्रिका मात्र आमच्याकडे सुखरूप होत्या. अदब म्हणून ठेवले असे आम्ही स्वतःला सांगत होतो. खरे तर पेटीपर्यंत चालत जाण्याचा आळस होता.

एकूण काय, यातली एकही वस्तू आम्ही हौसेने जमवली नव्हती. आम्ही चैनी माणसे नाही. उधळपट्टीला, इसराफला, आम्ही वर्गात आणि वर्गाबाहेर नावे ठेवतो. लग्नात वाया गेलेल्या बिर्याणीवर आम्ही भाषणही केले आहे. म्हणूनच ही गोष्ट कळायला इतका उशीर झाला. जास्तीची मालकी फक्त श्रीमंतांच्या घरात असते अशी आमची समजूत होती. ती गरिबाच्या घरातही हळूहळू साचते, आणि तिथे तिला काटकसर म्हणतात. 'लागेल कधीतरी' या दोन शब्दांवर आमचे अर्धे घर उभे होते.

मे महिन्याच्या शेवटच्या जुम्याला, खोकी अजून अर्धी बंद असताना, मशिदीत इमामसाहेबांनी कुर्बानी कोणावर वाजिब आहे ते समजावून सांगितले. बकरी ईद ७ जूनला होती. हे बयान आम्ही लहानपणापासून दर वर्षी ऐकतो. जकातीचा हिशेब सोने, चांदी, रोकड आणि व्यापाराचा माल यांवर होतो. घरातल्या भांड्याकुंड्यांवर जकात नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण हनफी फिक्हमध्ये फित्रा आणि कुर्बानी यांसाठी हिशेब जरा वेगळा आहे. तिथे हाजते-अस्लिया, म्हणजे माणसाच्या मूळ गरजा, भागवून जे काही उरते ते सगळे मोजायचे, मग ते पडून असलेले सामान का असेना. त्या उरलेल्याची किंमत साडेबावन्न तोळे चांदीइतकी, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीइतकी झाली, की त्या माणसावर कुर्बानी आणि फित्रा वाजिब. आणि त्याच वेळी दुसरी गोष्टही होते: असा माणूस दुसऱ्याची जकात घेऊ शकत नाही. त्याच्यावर जकात देणे फर्ज नसेलही, पण घेण्याच्या रांगेतून तो बाहेर पडतो.

हे शेवटचे वाक्य आम्ही आजवर दुसऱ्यांसाठी ऐकत आलो होतो. त्या जुम्याला ते आम्हाला लागले. का, ते सांगायला अवघड जाते, पण लेख लिहायला घेतलाच आहे तर सांगितले पाहिजे.

लग्न झाले २०१४ साली. तेव्हा आम्ही विनाअनुदानित तुकडीवर होतो. ज्यांनी ती नोकरी केली आहे त्यांना तिचा पगार सांगायला नको आणि ज्यांनी केली नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला सरकार तेव्हा महिना ८,००० रुपये मानधन देत होते, आणि आम्हाला त्या आकड्याचा हेवा वाटत असे, एवढे सांगितले तरी पुरे. त्या दिवसांत आमचे एक मामू, इचलकरंजीत यंत्रमागाचा छोटा धंदा असलेले, दर रमजानच्या विसाव्या रोज्याच्या सुमारास घरी येत आणि जाताना पोराच्या हातात एक पाकीट देऊन जात. २०१५ ते २०१९, पाच रमजान. पाकिटावर काही लिहिलेले नसे. तेही काही बोलत नसत, आम्हीही विचारत नसू. पण ती जकात आहे हे आम्हाला कळत होते, निदान आम्ही तसे समजत होतो. आम्ही गरीब आहोत याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. महिनाअखेरीला किराणावाल्याच्या वहीत आमचे नाव असे.

आणि याच पाच वर्षांत माळ्यावर लेमन सेट होते.

त्या रात्री पत्नीला हे सांगितले. ती घरी शिवणकाम करते आणि आमच्यापेक्षा तिचा हिशेब पक्का आहे. तिने पोराची शाळेची वही घेतली, पानावर तीन रकाने पाडले: तुमचे, माझे, दोघांचे. आम्ही म्हटले, "तीन कशाला?" ती म्हणाली, "पाकीट तुमच्या मामूंचं, तुमच्या हातात आलेलं. मग हिशेब तुमचाच होईल. माझ्या जहेजचं त्यात का धरता?"

बरोबर होते. जहेजमध्ये आलेली वस्तू बायकोच्या मालकीची, नवऱ्याचा तिच्यावर हक्क नाही, हे आम्हीच लोकांना सांगत असतो. तलाक झाल्यास तिला लग्नात मिळालेले सामान तिचे तिला परत द्यावे लागते हे १९८६च्या कायद्यातही आहे. इथे एक कबुलीही द्यायला हवी. लग्नाआधी आम्ही सासरच्यांना जहेज नको म्हणून सांगितले होते, आणि ते सांगितल्याचे चार ठिकाणी सांगितलेही होते. तरी सामान आले. आल्यावर आम्ही त्याला जागा करून दिली. नको म्हणणे सोपे होते. दारात उभा असलेला टेम्पो परत पाठवणे जमले नाही. अकरा वर्षांनी पुन्हा टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा निम्मी खेप त्याच सामानाची होती.

त्यात एक देग आहे. तांब्याची, पाच-सहा किलो तांदळाचा पुलाव होईल एवढी, पत्नीच्या नानीची. आतली कलई केव्हाच उडाली आहे. कलई नसलेल्या तांब्यात दही-टोमॅटोचे काही शिजवले तर ते कळकते आणि पोटाला बाधते, म्हणून ती वापरात नाही. कलईवाला पूर्वी गल्लीत येत असे. भट्टी पेटवून, भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने आत चांदी फासल्यासारखे करायचा. आता तो शोधायला जावे लागते. सामान बांधताना आम्ही देगकडे बोट दाखवून म्हटले, हिचा भाव चांगला येईल. पत्नी फक्त म्हणाली, "इसकू हात नको लगाओ. मेरे नानी की है." तिचे रोजचे मराठी-दखनी मिसळलेले बोलणे, पण या वाक्यात मराठीचा शब्द आला नाही.

आता ही देग हाजते-अस्लियात येते का? पोटाच्या गरजेत नाही. पण त्या घरात आलेल्या मुलीजवळ आपल्या नानीची एक वस्तू असावी, ही गरज नाही असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? उलट आमची थर्मोकोलची पवनचक्की? तिलाही आम्ही 'आठवण' म्हणून ठेवले होते. पत्नीने विचारले, "कशाची आठवण?" तेव्हा आम्हाला नीट सांगता आले नाही. म्हणजे आठवण हा शब्दही पुरेसा नाही. एका वस्तूमागे खरोखर माणूस उभा असतो, दुसरीमागे फक्त आपले न फेकणे असते. बाहेरून दोन्ही सारख्याच धुळकट दिसतात.

जाणकारांनी यावर बराच विचार करून ठेवला आहे. इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये फकिरी आणि जुहद यांबद्दल लिहिताना अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीला घरातल्या सामानाचाही वेगळा विचार केला आहे. तिथे हजरत ईसा यांची गोष्ट येते: जवळ एक कंगवा आणि एक पाण्याचे भांडे; बोटांनी दाढी विंचरणारा माणूस दिसला तेव्हा कंगवा टाकला, ओंजळीने पाणी पिणारा दिसला तेव्हा भांडे टाकले. ग्रीकांमध्ये डायोजिनीसची अशीच गोष्ट सांगतात. गोष्ट सुंदर आहे, पण संसारी माणसाला तिचा उपयोग थोडा. ओंजळीने पाणी पिणाऱ्याला दोन मुले नसतात आणि सातवीच्या उत्तरपत्रिकाही नसतात. फिक्हवाल्यांनी आमच्यासारख्यांची सोय पाहिली आहे. राहते घर, रोजचे कपडे, वाहन, कारागिराची अवजारे, आणि इल्मवाल्याची पुस्तके, ही मूळ गरजेत धरली. म्हणजे पत्नीचे शिलाई मशीन सुटले. आमची पुस्तकेही सुटली, असे आम्ही आनंदाने म्हणालो. पण नंतर एकेक पुस्तक हातात घेताना लक्षात आले, ही सवलत वाचणाऱ्याला आहे. ज्या पुस्तकाची पाने अकरा वर्षांत फाडली गेली नाहीत, ते कोणत्या इल्मवाल्याचे?

आमच्या भागात दिगंबर जैन समाज मोठा आहे. आमचे एक जैन स्नेही आहेत, त्यांच्याशी यावर बोलणे झाले. त्यांनी सांगितले, साधूचा अपरिग्रह वेगळा आणि श्रावकाचा वेगळा. गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण नावाचे व्रत आहे: एवढी जमीन, एवढे धान्य, एवढी भांडी, यापलीकडे ठेवणार नाही, अशी मर्यादा त्याने स्वतःच ठरवून घ्यायची. आम्हाला यातली एक गोष्ट फार पटली. मर्यादा आधी ठरवायची, वस्तू यायच्या आधी. आम्ही नेमके उलटे करतो. वस्तू आधी येते आणि मग तिच्याभोवती गरज तयार होते. स्नेह्यांना विचारले, "तुम्ही घेतलंय का हे व्रत?" ते हसले, म्हणाले, "सर, आमचंही घर बघायला या एकदा."

दोघांच्या हिशेबात एक गाठोडेही होते, जे कोणत्या रकान्यात टाकावे कळेना. जुन्या चादरीत बांधलेले कपडे. 'देण्यासाठी' म्हणून बाजूला काढलेले. ते उघडले आणि आम्हाला २०१९चा ऑगस्ट आठवला.

त्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीहून आणि नदीकाठच्या गावांतून माणसे मिरजेत आली. आम्ही शिक्षक मंडळी एका शाळेत उतरवलेल्या लोकांसाठी मदत वाटायला होतो. धान्य, पाणी, औषधे आली. माणसांनी खरोखर मनापासून दिले, ते विसरू नये. पण कपड्यांचे जे गठ्ठे आले ते निवडायला आम्ही बसलो आणि तासाभरात एकमेकांकडे पाहायचे बंद केले. टिकल्या गळालेले ब्लाउज, चेन तुटलेल्या पँटी, पिवळे पडलेले बनियन, एका पायाचा बूट. एक वयस्क बाई बराच वेळ ढिगातून उलटसुलट करत होत्या. शेवटी त्यांनी एक मऊ सुती ओढणी उचलली आणि आम्हाला म्हणाल्या, "ही घेते मास्तर. पुसायला बरी आहे." त्यांचे घर त्या वेळी छपरापर्यंत पाण्यात होते.

आपण स्वतः घेताना डोळे मिटून घ्यावे लागतील अशी वस्तू दुसऱ्याला देऊ नका, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. त्या दिवशी आम्ही वर्गात हे सांगायचे ठरवले, आणि सांगितलेही, दोन वर्षे. आता आमचे गाठोडे उघडले तर आत कोपर फाटलेले स्वेटर, रंग गेलेले कुडते, पोराच्या आखूड झालेल्या, बूड झिजलेल्या पँटी. आम्ही ते देण्यासाठी ठेवले होते, आणि चार वर्षांत दिले नव्हते, कारण मनात कुठेतरी माहीत होते की ते देण्यासारखे नाहीत. मग ठेवले तरी का? बहुधा 'देण्यासाठी' हे नाव दिले की फेकल्याची टोचणीही लागत नाही आणि चांगले काही देण्याचीही निकड उरत नाही, म्हणून. ते कपडे आम्ही फाडून फडकी केली. पुसायला बरी आहेत.

वहीकडे परत येतो. पत्नीने 'तुमचे'च्या रकान्यात वर्षभरात हात न लागलेल्या वस्तू मांडल्या, बाजारात आज विकल्या तर काय येईल त्या भावाने. वडिलांच्या पश्चात आलेली स्कूटर, जी आम्ही विकलीही नाही आणि चालवलीही नाही. खासगी क्लास काढण्यासाठी घेतलेला संगणक. क्लास निघालाच नाही. एक जास्तीचे कपाट, दोन मनगटी घड्याळे, सुटाचे न शिवलेले कापड, न वाचलेली पुस्तके. त्या आठवड्यात चांदी किलोला लाखाच्या घरात होती, म्हणजे निसाब साठ हजारांच्या आसपास. आमचा रकाना तिथवर पोहोचला नाही. पत्नी म्हणाली, "झालं तर मग." आम्ही म्हटले, या वर्षाचे झाले. पाकिटांच्या वर्षांचे मांड.

२०१५ ते २०१९ या काळात चांदी किलोला चाळीस हजारांच्या मागेपुढे होती. निसाब चोवीस-पंचवीस हजारांचा. स्कूटर, संगणक, कपाट तेव्हाही होतेच, आणि तेव्हा त्यांना भावही बरा होता. आठवून आठवून मांडले. उसनवारी वजा करायची असते, ती केली, फार नव्हती. बेरीज अठ्ठावीस हजारांच्या पुढे गेली.

चांदी महागली म्हणून आज आम्ही गरीब आणि चांदी स्वस्त होती म्हणून तेव्हा तालेवार, हा हिशेब कोणाला हास्यास्पद वाटेल. आम्हालाही क्षणभर वाटला. पण वाद भावाचा नव्हता. किराणावाल्याच्या वहीत नाव असताना आमच्या पडवीत एक स्कूटर आणि एक संगणक धूळ खात होते, आणि ते विकून वही कोरी करता येईल हे आमच्या मनातही आले नाही. ते विकले असते तर आम्हाला गरीब झाल्यासारखे वाटले असते. पाकीट घेताना तसे वाटले नाही. आणि मामू देणार ते ठरावीकच. ते आमच्याकडे आले म्हणजे दुसऱ्या कोणाकडे गेले नाही. इचलकरंजीत मामूंच्याच गल्लीत कांड्या भरणाऱ्या बायका राहतात. आम्ही त्यांना पाहिले आहे.

इमामसाहेबांना विचारले. नाव न घेता, 'एका माणसाने' असे म्हणून. ते ओळखून असावेत. म्हणाले, देणाऱ्याने आपल्या परीने चौकशी करून, हकदार समजून दिले असेल तर त्याची जकात अदा झाली, त्याची काळजी करू नका. घेणाऱ्याला जर आता कळले असेल की आपला हक नव्हता, तर तेवढी रक्कम त्याने हकदारांपर्यंत पोहोचवावी, आणि तौबा करावी. मग थोडे थांबून म्हणाले, "आणि त्या माणसाला म्हणावं, सामान विकून पोहोचवलं तर जास्त बरं."

ईदनंतर इचलकरंजीला गेलो. मामू आता थकले आहेत, माग मुलगा बघतो. आम्ही सगळे सांगितले. स्कूटर, संगणक, चांदीचा भाव, एकोणीस हजारांची बेरीज. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "अरे बेटा, ती जकात कुठं होती? भाच्याला ईदी दिली मी. तू उगाच हिशेब करत बसलास."

हलके वाटायला हवे होते. येताना एसटीत मात्र आठवले की जकात देताना ती जकात आहे असे घेणाऱ्याला सांगणे जरुरीचे नसते. देणाऱ्याची नियत पुरे. ईदी म्हणून, तोहफा म्हणून दिली तरी चालते, आणि समोरच्याची लाज राखायची तर तसेच द्यावे, असे सांगतात. म्हणजे मामू खरे बोलले की आमची लाज पुन्हा एकदा राखली, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

स्कूटर जुलैमध्ये गेली. संगणकाला भंगारवाल्याने जो भाव सांगितला तो लिहिण्यासारखा नाही. जानमाजपैकी सात मशिदीत आणि मदरशात दिल्या, चार ठेवल्या. लेमन सेटपैकी दोन कोणी घ्यायला तयार नाही, त्यांच्याकडेही आहेत. देग सांगलीला नेऊन कलई करून आणली, आणि तिला जागा नाही म्हणून ती स्वयंपाकघरात सर्वांच्या पायात येते. खालच्या मजल्यावरच्यांनी अकीक्यासाठी मागून नेली होती, परत आली तेव्हा घासूनपुसून आली.

एकोणीस हजारांपैकी पहिले पाच हजार आम्ही ऑगस्टमध्ये एका घरी देऊन आलो. कोणाकडे ते लिहीत नाही. निघण्याआधी पत्नीने पाकीट हातात दिले आणि विचारले, वर काही लिहायचे का. आम्ही पेन शोधले. तीन खेपांच्या सामानात पेनांचे एक पूर्ण खोके होते, त्यांतले बरेचसे वाळून गेले होते. एक चालणारे मिळाले. मग ते तसेच टोपण लावून ठेवले आणि पाकीट कोरेच नेले.